संगणकाची स्मरणशक्ती आणि अर्धी राहिलेली नोंद

एप्रिल २००७ मधली गोष्ट आहे. भारनियमनाचे दिवस होते. कल्याण पश्चिमेला महम्मद अली चौकाच्या बाजूला माझे कापडाचे दुकान आहे. दिवसातून दोनदा, कधी तीनदा वीज जायची. भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखानदाराकडून ग्रे कापडाचे २४ तागे आले होते. २,४०० मीटर माल, १४ रुपये मीटरने ३३ हजार ६०० रुपये. पोऱ्याने चलनावर सही केली, तागे गोदामात लावले आणि माझ्या मुलाने संगणकावर खरेदीची नोंद करायला घेतली. त्याने शेवटचे बटण दाबले आणि त्याच क्षणी डोक्यावरचा पंखा थांबला. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी तीन वर्षांची जुनी. ती बदलायचे मी रोज उद्यावर ढकलत होतो. तिने एकदा आवाज केला आणि तीही बसली.

तासाभराने वीज आली. मुलाने संगणक चालू करून मालाचा साठा पाहिला. २४ तागे दिसत होते. "अब्बा, नोंद झाली आहे," तो म्हणाला. विषय संपला.

जूनमध्ये तो कारखानदार पैसे मागायला आला. मी त्याचे खाते उघडले, तर त्यात ही खरेदीच नव्हती. मी म्हणालो, "भाईसाहेब, हा माल मागच्या बिलात आला असेल, तुमच्या मुनीमजींचा काही घोटाळा झाला आहे." त्यांनी चलनाची प्रत पुढे केली. चलनावर सही होती, पण दर नव्हता, रक्कम नव्हती. मी ते मानले नाही. संगणकात नाही म्हणजे नाही, असे बोलून गेलो. वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस. चहा अर्धा टाकून उठून गेला.

आठ दिवसांनी गोदामातला माल मोजला तेव्हा मेळ बसेना. साठ्याच्या पानावर २४ तागे जास्त आणि खरेदीच्या पानावर तेवढेच कमी. म्हणजे संगणकाने माल आल्याचे लिहिले होते, पण तो कोणाकडून आला आणि कोणाचे देणे झाले हे लिहिलेच नव्हते. मी त्याच दिवशी पैसे घेऊन भिवंडीला गेलो आणि माफी मागितली. सूरह बकरामध्ये मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि लिहिणाऱ्याने तो इन्साफाने लिहिण्याचा हुकूम आहे. माझ्याकडे लिहिणारा संगणक होता आणि त्याने अर्धेच लिहिले होते. त्या अर्ध्या लिखाणावर भरवसा ठेवून मी खऱ्या माणसाला खोटे ठरवले.

ज्याने आम्हाला तो प्रोग्राम विकला होता त्याला विचारले, तर म्हणाला, "शेठ, डेटा गेला कुठे? आहेच ना!" त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते.

हे कसे घडले ते समजायला मला बरीच वर्षे लागली. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. संगणकाचे पुस्तक मी कधी उघडले नव्हते. माझा भाचा पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. सुटीत आला की मी त्याला गल्ल्याजवळ बसवून प्रश्न विचारतो. पुढे जे लिहितो आहे ते बरेचसे त्याच्याकडून शिकलो आणि मग आपल्या धंद्याच्या भाषेत बसवून पाहिले.

पाटी, वही आणि मुनीम

संगणकाला दोन तऱ्हेच्या आठवणी असतात. एक पाटी आणि दुसरी वही. पाटी म्हणजे रॅम. काम चालू असताना सगळे आकडे पाटीवर असतात, कारण पाटीवर लिहिणे-पुसणे फार जलद होते. वही म्हणजे डिस्क. तिच्यावर लिहिलेले वीज गेली तरी राहते, पण लिहायला वेळ लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा रॅम साधारण लाखपट वेगवान असते. आताच्या एसएसडी डिस्क बऱ्याच जलद झाल्या, तरी रॅमच्या तुलनेत त्या पुष्कळ मागे आहेत.

रॅम विसरते का, हे ऐकून मला नवल वाटले होते. तिच्यात अतिशय बारीक कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत विजेचा एवढासा साठा. साठा असला की एक, नसला की शून्य. पण या कुप्या गळक्या आहेत. म्हणून संगणक दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, प्रत्येक कुपी वाचून पुन्हा भरतो. गळके मडके कोणीतरी सतत भरत बसावे, तसा हा प्रकार आहे. वीज गेली की भरणारा उठून जातो आणि मडके रिकामे होते.

आता फाइल सिस्टीम. हा शब्द आपण ऐकतो, पण तिला डिस्कच समजतो. डिस्क म्हणजे कोरे कागद. फाइल सिस्टीम म्हणजे त्या कागदांवर बसलेला मुनीम. कोणत्या पानावर काय लिहिले, कोणते पान कोरे आहे, अमुक नावाचा हिसाब कुठून सुरू होऊन कुठे संपतो, ही सगळी अनुक्रमणिका तो सांभाळतो. मुनीम नसेल तर कागद असूनही हिसाब सापडणार नाही.

पण हा मुनीम दर वेळी उठून वहीत लिहीत नाही. तुम्ही नोंद सांगितली की तो मान डोलावतो, ती पाटीवर टिपून ठेवतो आणि बऱ्याच नोंदी जमल्या की एकदम वहीत उतरवतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, वेगळे काही सांगितले नसेल तर, अशी नोंद सुमारे ३० सेकंद पाटीवरच राहू शकते. म्हणजे पडद्यावर 'सेव्ह झाले' असे आले, तरी ते मुनीमाने मान डोलावली एवढेच असू शकते. प्रोग्राम लिहिणारा मुनीमाला 'आत्ता, माझ्यासमोर वहीत उतरव' असा हुकूम देऊ शकतो. तशी सोय आहे. पण त्याने काम हळू होते, आणि ज्याला ग्राहकाला झटपट काम दाखवायचे असते तो हा हुकूम देण्याचे टाळतो.

माग थांबल्यावर कारागीर काय करतो

नोंद सगळी गेली असती तर माझे फार बिघडले नसते. खरेदी दिसत नाही, साठाही दिसत नाही. मुलाने संध्याकाळी चलन पाहून पुन्हा लिहिली असती. बिघडले ते अर्धी राहिल्यामुळे. एका खरेदीसाठी प्रोग्राम दोन ठिकाणी लिहितो, साठ्यात आणि कारखानदाराच्या खात्यात. पहिले लिहून झाले आणि दुसऱ्याच्या आधी वीज गेली.

हे आपल्या भिवंडी-मालेगावच्या कारागिरांना समजावून सांगण्याची गरज नाही. वीज गेली की माग मध्येच थांबतो. धोटा कधी डाव्या पेटीत असतो, कधी उजव्या, आणि कधी ताण्याच्या मधोमध अडकलेला. हुशार कारागीर वीज आल्याबरोबर माग चालू करीत नाही. तो आधी हाताने माग फिरवतो, बाण्याचा शेवटचा धागा पुरता गेला की अर्धाच, ते पाहतो; अर्धा असेल तर काढून टाकतो आणि मगच चालू करतो. न पाहता चालू केले तर कापडात आडवा दोष पडतो आणि पुढे शंभर मीटर चांगले विणले तरी त्या ताग्याचा भाव तुटतो. नक्षीच्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जाकार नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास ही पद्धत बसवली. पुठ्ठ्यावरची नक्षी वीज गेल्याने पुसली जात नाही. ती पक्की आठवण आहे. तरीसुद्धा शेवटचा धागा कारागिरालाच तपासावा लागतो. आठवण पक्की असणे आणि काम पुरे झालेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला भाच्याच्या बोलण्यापेक्षा मागाकडे पाहून जास्त समजले.

संगणकवाल्यांनी यावर जो उपाय काढला तो आपल्या बापजाद्यांचाच आहे. जुन्या पेढीवर व्यवहार आधी रोजमेळात लिहीत आणि मग खतावणीत चढवत. खतावणी करताना मध्येच कोणी उठले, तरी रोजमेळ पाहून राहिलेले पुरे करता येई. फाइल सिस्टीमही आता असेच करते. 'मी अमुक पानावर अमुक बदल करणार आहे' असे आधी एका वेगळ्या जागी लिहिते, ते पुरे लिहून झाले अशी खूण करते आणि मग खरे पान बदलते. वीज जाऊन आली की आधी हा रोजमेळ वाचते. खूण असलेले व्यवहार पुरे करते, खूण नसलेले टाकून देते. विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेल्या एनटीएफएसमध्ये असा रोजमेळ होता. लिनक्समध्ये २००१ मध्ये आलेल्या ईएक्सटी३ मध्येही तो होता. आपल्या पेनड्राइव्हवर बहुधा जी जुनी फॅट जातीची पद्धत असते तिच्यात मात्र रोजमेळ नाही. म्हणून काम चालू असताना पेनड्राइव्ह ओढून काढला की कधीकधी सगळी अनुक्रमणिकाच बिघडते.

मग माझी नोंद का बिघडली? कारण फाइल सिस्टीमचा रोजमेळ बहुतेक वेळा तिच्या स्वतःच्या अनुक्रमणिकेसाठी असतो. साठा आणि खाते ही दोन पाने एकाच व्यवहाराची आहेत, हे त्या मुनीमाला माहीतच नसते. ते हिसाबाच्या प्रोग्रामने सांभाळायचे असते. त्याने स्वतःचा रोजमेळ ठेवायचा असतो. माझ्या स्वस्तातल्या प्रोग्राममध्ये तो नव्हता.

न विसरणारी पाटी

मी भाच्याला विचारले, "हा सगळा खटाटोप पाटी विसरते म्हणून. मग न विसरणारी पाटीच का बनवत नाहीत?"

तो हसला आणि म्हणाला, "मामू, पहिले बनवतच होते. तुमच्या मुंबईत होती."

आणि खरेच होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली आपल्याच देशातल्या माणसांनी एक मोठा संगणक बांधला. आधी छोटा नमुना १९५६ मध्ये चालवून पाहिला आणि १९६० मध्ये पुरे यंत्र कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफरॅक असे नाव दिले. काचेच्या २,७०० व्हॉल्व्हचे ते धूड होते. त्याची मुख्य चौकट १८ फूट लांब आणि ८ फूट उंच होती. त्याची पाटी फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाच्या बारीक कड्यांची होती. तिच्यात २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० खुणांचा. म्हणजे सुमारे ८२ हजार खुणा. आजच्या हिशेबाने हे दहा किलोबाइट होतात. मोबाइलवर आलेला ईदचा एक फोटोही त्यात मावणार नाही.

या पाटीची रचना वाचून माझ्यासारख्या कापडवाल्याला फार आनंद झाला. ती चक्क विणलेली असते. उभ्या तारा आणि आडव्या तारा, ताणा आणि बाणा, आणि जिथे दोन तारा एकमेकांना छेदतात तिथे एक कडे ओवलेले. कोणते कडे हवे ते उभ्या-आडव्या तारांतून वीज सोडून निवडायचे. कड्यातले चुंबकत्व एका दिशेने असले तर एक, उलट दिशेने असले तर शून्य. चुंबक वीज गेल्याने आपली दिशा बदलत नाही. म्हणून यंत्र बंद करून दुसऱ्या दिवशी चालू केले तरी कड्यांतले आकडे तसेच राहू शकत. एक गंमत अशी की या कड्यातले वाचले की ते पुसले जाते. म्हणून प्रत्येक वेळी वाचल्याबरोबर तेच परत लिहावे लागे. वाचणे आणि लिहिणे यांच्या मध्येच वीज गेली तर? पुन्हा तोच अर्धा धागा.

अशा पाटीचा सर्वांत मोठा इम्तिहान २० जुलै १९६९ रोजी झाला. अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकावर कामाचा बोजा वाढला आणि तो उतरता उतरता काही वेळा स्वतःहून नव्याने सुरू झाला. त्याच्याही लिहित्या पाटीत टिफरॅकसारखेच २,०४८ शब्द होते, फक्त शब्द लहान. यान कुठे आहे, किती वेगात आहे, कोणते काम कुठपर्यंत आले, हे कड्यांमध्ये शाबूत होते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी प्रत्येक महत्त्वाच्या कामात आधीच टप्पे ठरवून ठेवले होते. संगणक उठला, शेवटचा पुरा झालेला टप्पा पाहिला आणि तिथून पुढे गेला. कमी महत्त्वाची कामे त्याने सोडून दिली. यान उतरले.

मग ही चांगली पाटी गेली कुठे? स्वस्ताईने तिला खाल्ले. १९७० मध्ये इंटेल कंपनीने ११०३ नावाची चिप बाजारात आणली आणि गळक्या कुप्यांचे राज्य सुरू झाले. कडी ओवायला हात लागत, जागा लागे, पैसा लागे. चिप लहान, जलद आणि दर वर्षी स्वस्त होत गेलेली. विसरण्याचा दोष लोकांनी पत्करला. आपल्याकडे हातमाग आणि यंत्रमाग यांचे जे झाले ते आठवून पाहा.

पुन्हा सुरू होणे म्हणजे वीज जाणे नव्हे

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी मलाही आधी माहीत नव्हती. संगणक अडकला म्हणून आपण तो नव्याने सुरू करतो, तेव्हा वीज गेलेली नसते. रॅमला वीज मिळतच असते. मग पाटीवरचे पुसले कसे जाते? उत्तर असे की बऱ्याच वेळा ते पुसलेले नसतेच. नवा मुनीम येतो, पाटीवर कोणाचे तरी आकडे पाहतो, ते कोणाचे आणि कशाचे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो पाटी कोरी समजून लिहायला लागतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या लोकांनी दाखवले की वीज पुरती तोडली तरी रॅममधले आकडे काही सेकंद राहतात, आणि चिप खूप थंड केली तर काही मिनिटे टिकतात. त्यांना चोरीचा धोका दाखवायचा होता. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की पाटी आपण समजतो तितकी लगेच कोरी होत नाही.

मग युक्ती अशी निघाली. पाटीचा एक कोपरा राखून ठेवायचा. जुन्या मुनीमाने तिथे ठरलेल्या जागी अनुक्रमणिका लिहून जायचे आणि नव्याने आल्याबरोबर तो कोपरा न पुसता आधी वाचायचा. अमिगा नावाच्या घरगुती संगणकावर १९८० च्या दशकाच्या शेवटी अशी एक डिस्क होती. होती रॅममध्येच, पण संगणक नव्याने सुरू केला तरी टिकायची. आपल्या अँड्रॉइड मोबाइलमध्येही असा कोपरा ठेवण्याची सोय आहे. फोन अचानक बंद पडून सुरू झाला तर पडण्यापूर्वी काय चालले होते, याचे शेवटचे चार शब्द तिथे सापडतात आणि दुरुस्ती करणाऱ्याला उपयोगी पडतात.

पण शंका अशी की जो मुनीम स्वतःच चक्कर येऊन पडला, त्याने पडता पडता पाटीवर काय खरडले असेल कोणास ठाऊक. त्याच्या लिखाणावर विश्वास ठेवायचा का? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीटर चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये रिओ नावाने नेमके हेच तपासले. त्यांनी संगणकाला मुद्दाम शेकडो वेळा निरनिराळ्या तऱ्हेने बिघडवून पाडले आणि दर वेळी पाटीवर राहिलेला हिसाब तपासला. पाटीचा तो भाग आडदांड लिखाणापासून कुलूपबंद ठेवला, तर त्यावरचा हिसाब डिस्कवरच्या हिसाबाइतकाच भरवशाचा निघतो, असे त्यांना आढळले. पंचवीस-तीस वर्षांनी मोठ्या कंपन्यांना ही गोष्ट पुन्हा हवी झाली. त्यांच्या एकेका यंत्राची पाटी शेकडो गीगाबाइटची असते आणि तिच्यावर दुसऱ्या अनेकांची कामे चालू असतात. नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची म्हणून सगळी पाटी वहीत उतरवा आणि परत चढवा, यात वेळ जातो आणि तेवढा वेळ ग्राहक खोळंबतो. २०२५ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.१६ आवृत्तीत जुन्या मुनीमाने नव्याला पाटी हातात देण्याची रीतसर सोय झाली.  आपल्याकडे पाळी बदलताना कारागीर मागावरचे काम दुसऱ्याला दाखवून जातो, त्याच जातीची ही सोय.

ही युक्ती नव्याने सुरू करण्यापुरती आहे. वीज गेली तर कोपराही जातो. म्हणून पुन्हा न विसरणारी चिप बनवण्याचे प्रयत्न झाले. इंटेल आणि मायक्रॉन या कंपन्यांनी २०१५ मध्ये तसा नवा पदार्थ जाहीर केला आणि इंटेलने २०१९ मध्ये ऑप्टेन नावाने त्याच्या रॅमसारख्या पट्ट्या विकायला काढल्या. एकेक पट्टी १२८ ते ५१२ गीगाबाइटची. रॅमच्या जागेत बसायची, रॅमपेक्षा काहीशी मंद, पण वीज गेली तरी शाबूत. आता पाटी हीच वही झाली, मुनीमाची सुट्टी झाली, असे लोकांना वाटले.

झाले उलटेच. वही दूर होती तोपर्यंत मुनीम तरी मध्ये होता. तो रोजमेळ लिहून रांगेने काम करायचा. आता संगणकाचा मेंदू थेट पक्क्या पाटीवर लिहू लागला, आणि हा मेंदू स्वतः मोठा उतावळा. त्याच्याजवळ आणखी एक छोटी पाटी असते, ती विसरणारीच. तो आधी तिच्यावर लिहितो आणि सोयीप्रमाणे, हवे तर क्रम बदलून, मोठ्या पाटीवर ढकलतो. म्हणजे तुम्ही आधी रक्कम लिहिली आणि नंतर 'व्यवहार पुरा' अशी खूण केली, तरी पक्क्या पाटीवर खूण आधी पोहोचून रक्कम मागे राहू शकते. त्याच वेळी वीज गेली, तर न विसरणारी पाटी ती खोटी खूण कायमची जपून ठेवील. माझ्या २४ ताग्यांचा किस्सा सेकंदाच्या लाखाव्या भागात घडण्याची ही तजवीज झाली.

म्हणून या पाटीसाठी नव्या फाइल सिस्टीम लिहाव्या लागल्या. त्यातली नोव्हा ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत २०१६ मध्ये तयार झाली. त्यांचे मूळ तत्त्व सोपे आहे. या पाटीवर एका दमात, अर्धे न राहता, फक्त आठ बाइट लिहिण्याची हमी असते. आठ इंग्रजी अक्षरांएवढी जागा. तेव्हा मोठी नोंद जुन्या नोंदीवर गिरवायचीच नाही. ती कोऱ्या जागेत पुरी लिहायची, मेंदूला 'सगळे पाटीवर उतरले का' असे थांबवून विचारायचे, आणि मग अनुक्रमणिकेतला पानाचा आकडा तेवढा बदलायचा. तो आठ बाइटमध्ये मावतो. आकडा बदलण्याआधी वीज गेली तर जुनी नोंद पुरी आहे. बदलल्यावर गेली तर नवी पुरी आहे. अर्धी कधीच दिसत नाही.

इंटेलने हा धंदा जुलै २०२२ मध्ये गुंडाळायला घेतला. माल चांगला होता, पण महाग पडला आणि गिऱ्हाईक थोडे. आपल्या बाजारात असे किती चांगले माल आले आणि गेले! आता दुसरी एक तऱ्हा वापरात आहे. साध्या रॅमच्या पट्टीवरच पेनड्राइव्हसारखी न विसरणारी चिप बसवतात आणि जोडीला विजेचा छोटा साठा. वीज गेली की तेवढ्या साठ्यावर सगळी पाटी शेजारच्या चिपमध्ये उतरवून घेतात.

आपल्या दुकानापुरते

आपल्याला या पट्ट्या विकत घ्यायच्या नाहीत. त्या मोठ्या यंत्रांसाठी आहेत. पण हिसाबाचा प्रोग्राम घेताना विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा : नोंद करतानाच वीज गेली तर काय होईल? तो जर म्हणाला की डेटा जाणार नाही, तर ते उत्तर अपुरे आहे. 'नोंद एकतर पुरी दिसेल, नाहीतर मुळीच दिसणार नाही' असे तो म्हणाला पाहिजे, आणि आपल्यासमोर करून दाखवले पाहिजे. मी २०१९ मध्ये नवा प्रोग्राम घेतला तेव्हा भाच्याने हेच केले. खोट्या नावाची एक पेढी उघडली, खोट्या खरेदी लिहायला घेतल्या आणि मध्येच प्लग ओढला. असे वीस वेळा केले. सतरा वेळा नोंद नव्हती, तीन वेळा पुरी होती. अर्धी एकदाही नाही. विकणारा पोरगा उभा राहून घामाघूम झाला होता. त्याने स्वतः हे कधी करून पाहिले नव्हते. ही परीक्षा खऱ्या हिसाबावर मात्र कोणी करू नये, आणि जुन्या डिस्कवर तर मुळीच नाही.

यूपीएसची बॅटरी मी आता आवाज करायच्या आधी बदलतो. आठवड्यातून एकदा सगळा हिसाब वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क घरी, दुसऱ्या मजल्यावर ठेवतो. हे मला विजेने नाही, पाण्याने शिकवले. २६ जुलै २००५ च्या पुरात माझे रेतीबंदरच्या बाजूचे गोदाम कमरेएवढ्या पाण्यात होते. कापड गेले, कागदाच्या चोपड्यांचा लगदा झाला आणि गोदामातला संगणकही गेला. पाटी, वही, पक्की पाटी, पाण्यापुढे सगळी सारखीच.

भिवंडीचे ते भाईसाहेब अजून माझ्याकडे माल पाठवतात. आता त्यांच्याकडेही संगणक आहे, बिल मोबाइलवर येते. तरी ताग्यांबरोबर कागदाचे चलन येतेच. त्यावर दर, मीटर आणि रक्कम तिन्ही लिहिलेले असते, आणि पोऱ्याची सही त्यांना चालत नाही. माझी सही आणि दुकानाचा शिक्का लागतो. टेम्पोवाला त्यासाठी दुकानासमोर थांबून राहतो.